एटीव्हीच्या हँडलबारवरचे स्विच वारंवार शॉर्ट होत असतील तर

चिखलातून किंवा पाण्यातून एटीव्ही, म्हणजे हँडलने चालवायची ओबडधोबड वाटेवरची चारचाकी, काढली की फ्यूज उडतो. नवा घातला की दोन दिवस सगळं सुरळीत चालतं, मग एखाद्या वळणावर हँडल पूर्ण डावीकडे गेलं की पुन्हा सगळं बंद. शेवटी कंटाळून स्विचचा अख्खा सेट बदलला जातो. दोन-तीन महिने बरे जातात आणि तोच फ्यूज परत उडतो.

हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो कारण दुरुस्ती स्विचची होते आणि दोष राहतो दोन वाटांमध्ये. वायर ज्या वाटेने स्विचपर्यंत जाते ती एक, आणि पाणी ज्या वाटेने स्विचमध्ये शिरतं ती दुसरी. त्यात भर पडते चावी बंद असतानाही स्विचवर उभ्या असलेल्या १२ व्होल्टची. या तिन्हींचा बंदोबस्त न करता नवा स्विच लावणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी अंथरणं.

तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल. शुद्ध पाणी विजेचं वाहक म्हणून फारसं कामाचं नसतं, पण चिखलाच्या पाण्यात क्षार असतात. स्विचमध्ये असं पाणी साचलं आणि आतल्या एका पत्तीवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, कायम पॉझिटिव्ह असेल, तर गाडी उभी असतानाही त्या थेंबातून बारीक करंट वाहत राहतो. त्यामुळे पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळतं, हिरवा कळंक चढतो आणि दोन पत्त्यांच्या मधल्या प्लॅस्टिकवर क्षारांचा थर बसतो. पाणी नंतर सुकतं, थर मात्र तसाच राहतो. पुढच्या वेळी जरा दमट हवा लागली तरी तो ओला होतो आणि करंटला रस्ता मिळतो. एटीव्ही अनेकदा आठवडेच्या आठवडे ओल्या अवस्थेतच उभी राहते, म्हणून तिच्या स्विचना हा रोग जास्त लागतो.

फ्यूज मोठा घालू नका

हँडलच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरी सर्वसाधारणपणे ०.५ ते ०.८५ चौ. मि.मी.च्या असतात. जुडग्यात बांधलेल्या ०.५ च्या वायरला सतत ५ अँपिअरच्या वर नेऊ नये. १५ चा फ्यूज उडतो म्हणून ३० चा घातला किंवा फ्यूजला तार गुंडाळली, की फ्यूजच्या आधी वायर जळते. ती एकटी जळत नाही. एकाच स्लीव्हमधल्या शेजारच्या वायरींचं आवरणही वितळतं, आणि जिथे एक शॉर्ट होता तिथे चार होतात. हा हार्नेस, म्हणजे वायरींचं जुडगं, पुढे पेट्रोलच्या टाकीजवळून जातो, एवढं कारण पुरेसं आहे. फ्यूज गाडीच्या पुस्तिकेत किंवा फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिला आहे तेवढ्याच अँपिअरचा.

लक्षणावरून वायर ओळखा

हत्यारं काढण्याआधी बिघाड नेमका कधी होतो ते पाहा. निम्मं काम तिथेच होतं.

चावी बंद असतानाही फ्यूज उडत असेल तर दोष फ्यूज आणि चावीच्या स्विचमधल्या वायरमध्ये आहे, किंवा बॅटरीवरून थेट घेतलेल्या एखाद्या जोडणीत. फक्त हेडलाइट लावल्यावर उडत असेल तर लाइटच्या बटणापासून पुढच्या वायरी बघायच्या. लो बीमवर ठीक आणि हाय बीमवर उडत असेल तर डिपरच्या पुढची एकच वायर उरते. ब्रेकचा लाइट आपोआप लागून राहतो तेव्हा बहुतेक वेळा ब्रेकच्या लिव्हरखालचा छोटा स्विच ओला किंवा अडकलेला असतो. त्याची पिन बोटाने दोन-चार वेळा दाबून पाहिली तरी कळतं.

फ्यूज शाबूत आहे, पण बॅटरी चार-पाच दिवसांत उतरते, हेही शॉर्टचंच सौम्य रूप आहे. स्विचमधल्या ओल्या थरातून १२० मिलिअँपिअर गळत असतील तर दिवसाला जवळजवळ २.९ अँपिअर-तास जातात. १२ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यात संपते, आणि दोष बॅटरीवर ढकलला जातो.

फ्यूज न उडता इंजिन बंद पडत असेल तर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचे हँडलवरचे स्विच, दोन अगदी उलट पद्धतींनी काम करतात.

ज्यांच्या प्लगची ठिणगी बॅटरीऐवजी इंजिनवरच्या मॅग्नेटोच्या विजेवर पडते, म्हणजे एसी सीडीआय (ठिणगी देणारं युनिट) असलेल्या गाड्यांत किल स्विच वायर बॉडीला जोडून इंजिन बंद करतो. स्विच ‘रन’वर असताना ती वायर मोकळी असते, ‘ऑफ’ला अर्थ होते, म्हणजे बॉडीला जोडली जाते. अशा गाडीत किल वायरचं आवरण कुठे घासून गेलं आणि तांबं हँडलला लागलं की इंजिन त्या क्षणी बंद. फ्यूज उडत नाही, कारण या वायरीत बॅटरीचा करंटच नसतो. हँडल सरळ केलं की इंजिन परत सुरू होतं, आणि शंका कार्बुरेटरवर किंवा प्लगवर जाते. बऱ्याच गाड्यांत ही वायर काळी आणि तिच्यावर पांढरी रेघ अशी असते. तरी रंगावर विसंबू नका, आपल्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा पाहा.

डीसी (बॅटरीवर चालणाऱ्या) सीडीआय किंवा इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत किल स्विच इग्निशनचा १२ व्होल्टचा पुरवठा तोडतो. तिथे वायर बॉडीला लागली तर फ्यूज उडतो. त्याहून वाईट शक्यता वेगळीच आहे. आतल्या दोन पत्त्या कळंकामुळे किंवा वितळलेल्या प्लॅस्टिकमुळे एकमेकींना चिकटल्या, तर स्विच ‘ऑफ’ केल्यावरही पुरवठा चालू राहतो आणि इंजिन थांबत नाही. गाडी अंगावर येत असताना हे कळलं तर उपयोग नाही, म्हणून किल स्विचची परीक्षा प्रत्येक वेळी घ्यायची.

पहिल्या प्रकारच्या गाडीत निदान सोपं आहे. किल स्विचचा कपलर (वायरींची सुटणारी जोडणी) सोडवून त्याची टोकं मोकळी ठेवा, गाडी न्यूट्रलला, पार्किंग ब्रेक लावून आणि चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) देऊन जागेवरच चालू करा. आता हँडल कितीही फिरवलं तरी इंजिन बंद पडत नसेल तर दोष स्विच किंवा त्याच्या वायरीतच आहे. या अवस्थेत इंजिन चावीने बंद होतं का हे आधी पाहून घ्या, आणि असं सोडलेलं असताना गाडी जागेवरून हलवू नका.

सेल्फचं बटणही असंच. बऱ्याच गाड्यांत ते स्टार्टर रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचची) कॉइल बॉडीला जोडतं. ती वायर घासली तर कोणी बटण न दाबता सेल्फ फिरायला लागतो. असं झालं की आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा, बाकी विचार नंतर. सेल्फची मोटर सतत फिरण्यासाठी बनवलेली नसते, अर्ध्या-एक मिनिटात ती तापून खराब होऊ शकते.

शॉर्ट शोधायची रीत

फ्यूजमागून फ्यूज जाळत बसू नका. १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी आणि टोकांना चपट्या पिना लावा, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तो बल्ब बसवा. पूर्ण शॉर्ट असला तरी बल्बमधून सुमारे पावणेदोन अँपिअरच जातात. वायरीला धोका राहत नाही आणि शॉर्ट चालू असेपर्यंत बल्ब लख्ख पेटलेला राहतो. आता हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, वायरींचं जुडगं दर चार बोटांवर हलवा, प्रत्येक बटण दाबून सोडा. ज्या जागी हात लावल्यावर बल्ब विझतो किंवा पेटतो, ती जागा.

एक पथ्य आहे. त्या सर्किटवरचे दिवे, हॉर्न, पंप अशा करंट घेणाऱ्या वस्तू आधी सोडवून ठेवा. नाहीतर त्यांच्यातून जाणाऱ्या करंटवरही बल्ब पेटतो आणि नसलेला शॉर्ट दिसतो. मेन फ्यूजच्या जागी बल्ब लावायचा असेल तर पुढचे छोटे फ्यूज सगळे काढा आणि एकेक परत लावत जा. ज्या फ्यूजला बल्ब भडकतो, त्या शाखेत दोष.

बल्बने सापडला नाही, म्हणजे शॉर्ट ओलाव्याचा आहे, तर मल्टिमीटर लागतो. बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. स्विचचा कपलर (पुढच्या प्लॅस्टिकखाली किंवा हेडलाइटच्या मागे असतो) सोडवा. कपलरच्या स्विचकडच्या बाजूची एकेक पिन आणि हँडलबारचा रंग नसलेला भाग यांच्यामध्ये ओहम मोजा. मीटर बीपवर ठेवू नका. बीप साधारण काही दशक ओहमच्या खालीच वाजतो, ओला शॉर्ट त्याला ऐकूच येत नाही. २ किंवा २० मेगाओहमच्या रेंजपासून सुरू करा, आकडा शून्याजवळ आला तर रेंज खाली आणा.

एक-दोन ओहम दिसले तर तांबं लोखंडाला लागलं आहे. काहीशे ओहमपासून काही दहा हजार ओहमपर्यंत आकडा येत असेल आणि तो स्थिर नसेल, तर आत चिखल, कळंक किंवा जळून झालेला कोळशाचा माग आहे. कोरड्या, निरोगी स्विचमध्ये मेगाओहमच्या पुढे किंवा रेंजबाहेर दाखवायला हवं. मोजताना हँडल फिरवा, बटणं चालवा. एखादी वायर मुळातच अर्थची असू शकते, ती शून्य दाखवणारच. तिला दोष देण्याआधी नकाशा बघा.

कंट्रोल युनिट असलेल्या गाडीत त्याचा कपलर जोडलेला असताना ओहम मोजू नयेत, आणि जास्त व्होल्टेज देऊन वायरीचं आवरण तपासणारा मेगर तर अजिबात लावू नये.

वायर कुठे घासते

जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, जिथे हार्नेस हँडलवरून खाली उतरतो. इथे वायर प्रत्येक वळणाला वाकते. जुडगं झिप टायने करकचून बांधलेलं असेल तर सगळा वाक टायच्या काठावर एका रेषेत येतो आणि आवरण तिथेच चिरतं. दुसरी जागा स्विचच्या खोक्याचं तोंड, जिथून वायरी बाहेर पडतात. तिथलं रबर गळून गेलेलं असतं किंवा हँडल बदलताना लावायचं राहतं. तिसरी, खोक्याचे दोन अर्धे भाग जिथे मिळतात ती फट. स्विच परत बसवताना एखादी वायर त्या फटीत चिमटली की स्क्रू घट्ट होतात, सगळं चालतं, आणि काही आठवड्यांनी प्लॅस्टिकची कड आवरणात उतरते.

दुसऱ्या बनावटीचा हँडलबार लावलेल्या गाड्यांत आणखी एक कारण हमखास सापडतं. मूळ स्विचच्या आत एक छोटी पिन असते, ती हँडलबारच्या भोकात बसते आणि खोकं गोल फिरू देत नाही. नव्या हँडलला ते भोक नसतं. काही जण पिन न कापता तसंच आवळतात, त्यामुळे दोन्ही भाग पूर्ण मिटत नाहीत आणि फटीतून पाणी जातं. काही जण पिन कापतात, मग अंगठ्याच्या जोराने खोकं हळूहळू फिरतं आणि आतल्या वायरी पिळवटतात. भोक पाडायचं तर ते पिनच्या व्यासाइतकंच, आणि हँडल बनवणाऱ्याने मनाई केलेली नसेल तरच. कड कानसून घ्या. मनाई असेल तर पिन कापा, पण खोकं आणि हँडल यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या पातळ रबराचा एक वेढा द्या, म्हणजे पकड राहते. हँडलच्या पोकळीतून वायर नेली असेल तर दोन्ही भोकांना रबरी ग्रॉमेट (कडेला बसणारं कडं) हवाच. ॲल्युमिनियमची धार आवरण कापायला फार वेळ घेत नाही.

चिरलेली नळी, म्हणजे उभा काप असलेली खाचांची स्लीव्ह, या जागेवर वापरू नका. तिच्या चिरेतून बारीक वाळू आत जाते, बाहेर येत नाही, आणि हँडल फिरेल तशी ती वायरींना पॉलिश पेपरसारखी घासत राहते. विणलेली लवचीक स्लीव्ह किंवा हार्नेसला वापरतात ती कापडी टेप चांगली.

तुटलेल्या, सोललेल्या वायरची दुरुस्ती

नुसती पीव्हीसी इन्सुलेशन टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि उघडं तांबं परत बाहेर येतं.

१. बॅटरीचं आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा. जोडताना उलट क्रम.

२. खराब तुकडा मागे-पुढे चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा. तांबं काळं पडलेलं असेल तर पाणी आवरणाच्या आतून पुढे सरकलं आहे, अजून कापावं लागेल.

३. तेवढ्याच जाडीची, बहुतारी लवचीक वायर घ्या. घरगुती वायरिंगची एकतारी वायर चालत नाही, ती वाकून वाकून तुटते.

४. आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी), साधारण ३ सें.मी. लांब आणि तीनास एक आकसणारी, जोडण्याआधी वायरीत ओवून ठेवा.

५. जोड योग्य आकाराच्या क्रिम्पने (दाबून बसवायच्या धातूच्या नळीने), क्रिम्पिंगच्या पकडीनेच दाबा. साध्या पकडीने चेपलेला जोड हलका ओढला तरी निसटतो.

६. शेजारच्या वायरींचे जोड एकाच जागी आणू नका, प्रत्येकी २०-२५ मि.मी. पुढे-मागे ठेवा. गाठ जाड होत नाही आणि दोन जोड एकमेकांना लागत नाहीत.

सोल्डर वाईट नाही, पण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक आणि लवचीक भागांच्या सीमेवर तुटते. म्हणून सोल्डर असो की क्रिम्प, जोड स्टिअरिंगच्या वाकणाऱ्या भागात नको. गरज पडली तर लांब तुकडा घालून जोड दोन्ही बाजूंना, स्थिर जागी न्या.

नंतर वाट आखा. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवल्यावर कोणतीही वायर ताठ होता कामा नये आणि कुठेही चिमटता कामा नये. दांड्याजवळ रबराची पी-क्लिप वापरा किंवा टाय इतका सैल ठेवा की जुडगं आत सरकू शकेल. टायचं शेपूट बुडापासून सपाट कापा, तिरकं कापलेलं टोक शेजारच्या वायरला टोचत राहतं.

स्विच उघडून साफ करणं

खोकं उघडताना आतल्या बारीक स्प्रिंगा आणि पोलादी गोळ्या उडतात. पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा, म्हणजे उडालं तरी हरवत नाही. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

माती मऊ टूथब्रशने झाडा, मग प्लॅस्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. पेट्रोल आणि थिनर टाळा, त्यांनी प्लॅस्टिकला बारीक तडे जातात आणि पाण्याला नवी वाट मिळते. पत्त्यांवरचा कळंक खोडरबराने निघतो. अगदीच हट्टी असेल तर १००० किंवा त्याहून बारीक पेपर एक-दोनदा हलकेच फिरवा, मुलामा उतरेपर्यंत नाही. दोन पत्त्यांमधल्या प्लॅस्टिकवर काळी रेघ दिसली तर ती जळून झालेल्या कोळशाची असू शकते. कोळसा करंट नेतो. अल्कोहोलने पुसून ती जात नसेल, तर तो स्विच मात्र बदलायलाच हवा.

आता ग्रीस. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस करंट नेत नाही आणि पाणी अडवतं, म्हणून कपलरच्या रबरांवर आणि खोक्याच्या कडांवर ते उत्तम. पण ज्या पत्त्यांमध्ये उघडमिट करताना ठिणगी पडते तिथे ते थापू नका. ठिणगीच्या उष्णतेने सिलिकॉनचा कडक, करंट अडवणारा थर बनतो, आणि स्विच साफ केल्यानंतर महिन्याभरात बटण चालेनासं होतं. पत्त्यांना स्विचसाठीच बनवलेलं कॉन्टॅक्ट ग्रीस, तेही नखाच्या टोकावर मावेल एवढंच.

चावीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड टाकायची सवय असेल तर ती सोडा. कुलपासाठी ग्रॅफाइट छान, पण ते विजेचं वाहक आहे. पूड खाली झिरपून चावीच्या स्विचच्या पत्त्यांवर बसते आणि कायमच्या पॉझिटिव्हला रस्ता करून देते. तिथे पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे वापरा, आणि भोकाला रबरी झाकण लावा.

पाण्याची वाट बंद करणं, पण पूर्ण नाही

सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तापलेली गाडी गार पाण्यात गेली की खोक्यातली हवा आकसते आणि ज्या अदृश्य फटी राहिल्या असतील तिथून पाणी आत ओढलं जातं. मग बाहेर जायला वाट नसल्यामुळे ते आतच राहतं. म्हणून वरची आणि बाजूची फट बंद करा, खालचं निथळायचं भोक उघडं ठेवा. ते चिखलाने बुजलेलं असतं, टाचणीने मोकळं करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

पाणी वायरीवरून ओघळत येतं, हेही विसरू नका. वायर खोक्यात वरून शिरत असेल तर ती पन्हळीचंच काम करते. ती खालून शिरू द्या, आणि शिरण्याआधी तिला एक खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडतात. कपलरचंही तसंच. तोंड आकाशाकडे असलेला कपलर पेल्यासारखा भरतो. तो आडवा किंवा उलटा बांधा, प्रत्येक वायरीचं रबरी सील जागेवर आहे का पाहा.

विंच, जादा दिवे, गरम ग्रिप

मूळ वायरिंगपेक्षा नंतर लावलेल्या वस्तूच जास्त त्रास देतात. विंचचा (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणाऱ्या यंत्राचा) हँडलवरचा स्विच अनेकदा थेट बॅटरीवरून जोडलेला असतो. त्यात पाणी गेलं की कॉन्टॅक्टर (विंचच्या मोटरचा मोठा रिले) ओढला जाऊन विंच आपोआप फिरू शकते, तीही गाडी उभी असताना, जवळ कोणी नसताना. स्विचचा पुरवठा चावीनंतरच्या वायरीवरून घ्या आणि त्यावर वेगळा ५ अँपिअरचा फ्यूज टाका. हा स्विच फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा करंट वाहतो, त्याला त्याहून जास्त लागत नाही. वर सांगितलेला कळंकाचा रोगही यानेच थांबतो, कारण चावी काढल्यावर स्विच निर्जीव असतो.

दिव्यांचा पूर्ण करंट हँडलच्या बटणातून नेऊ नका. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ९ अँपिअरच्या वर करंट. छोट्या बटणाच्या पत्त्या त्याने तापतात, प्लॅस्टिक मऊ होतं, पत्त्या वाकून एकमेकींना लागतात. ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले लावा. ३० नंबरला बॅटरीवरून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर, ८७ ला दिवे, ८६ ला हँडलचं बटण, ८५ ला अर्थ. बटणातून मग पाव अँपिअरसुद्धा जात नाही. जाड वायर १.५ चौ. मि.मी. किंवा अधिक, तिच्यावर १५ चा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून शक्यतो १५ सें.मी.च्या आत. फ्यूजच्या अलीकडची वायर घासली तर तिला वाचवायला कोणी नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. एलईडीलाही हीच पद्धत.

गरम ग्रिपच्या वायरी ग्रिपच्या आतल्या टोकाशी तुटतात. तिथे छोटा वळसा सोडा आणि लिव्हर पूर्ण ओढल्यावर तो अडकत नाही ना ते पाहा.

धुताना

प्रेशर वॉशरचा फवारा स्विचवर थेट मारू नका, निदान अर्धा मीटर लांब ठेवा आणि खोक्यांवर प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा. नंतर कमी दाबाची हवा, साधारण २ बार, खोक्याच्या फटींवर वरून खाली मारा. ओलं असताना चावी लावून बघायचा मोह टाळा. आतलं पाणी करंट मिळाल्यावर सगळ्यात जास्त नुकसान करतं.

जोडल्यानंतरची तपासणी

बॅटरी जोडण्याआधी पुन्हा एकदा प्रत्येक पिन ते हँडलबार ओहम मोजा. मग फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब ठेवून हँडल दोन्ही टोकांना दहा वेळा फिरवा. बल्ब एकदाही लुकलुकला नाही तरच फ्यूज घाला. चावी बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि त्याची सोडवलेली वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडा, आधी १० अँपिअरच्या रेंजवर. घड्याळ किंवा डिजिटल मीटर नसलेल्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा, असलेल्यात काही मिलिअँपिअर चालतात. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. शेवटी गाडी न्यूट्रलला, ब्रेक लावून चालू करा आणि किल स्विचने बंद करा. हे हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे असताना, प्रत्येकी एकदा. त्यानंतर खोक्यांवर बाटलीने पाणी ओता, दहा मिनिटं थांबा आणि तिन्ही वेळा परत तेच करा. लहान मुलांच्या गाडीवर दोरीचा किल स्विच असेल तर त्याची दोरीही याच तीन स्थितींत ओढून पाहा.